एसडीआय संपलं का, आणि एमसीआरमधल्या माणसाने आता काय शिकावं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. ई अँड टीसीची पदवी आणि मुंबईतल्या एका प्रादेशिक वाहिनीच्या एमसीआरमध्ये (मास्टर कंट्रोल रूम, जिथून वाहिनी बाहेर जाते) तीन वर्षं शिफ्ट ड्युटी. वाहिनी आता नव्या जागेत जाणार आणि तिथे 'सगळं आयपी आणि क्लाउड' असणार, असं वरून सांगितलं जातंय. जुने सहकारी म्हणतात एसडीआय (चित्र-आवाज केबलने नेण्याची जुनी पद्धत) संपलं, आता आयटीवाले येतील, आपल्याला कोण विचारतंय. यात खरं किती, आणि सीसीएनए (नेटवर्किंगचं सर्टिफिकेट) करावं की एडब्ल्यूएसचं (अॅमेझॉनच्या क्लाउडचं), असं तुम्ही विचारलंय.

मी बीटाकॅमच्या टेपपासून या धंद्यात आहे. माझं मत सरळ सांगतो: एसडीआय संपलेलं नाही, आणि तुमच्या आकाराच्या वाहिनीत ते अजून बरीच वर्षं चालेल. ज्याला फक्त पॅच कॉर्ड बदलून फीड आणता येतं आणि त्यापलीकडे काही येत नाही, त्याचं काम मात्र खरोखरच संपत आलंय. क्लाउडने ते संपवलं असं नाही. सिग्नल डोळ्यांना दिसेनासा झाला, म्हणून संपलं.

तेव्हा वरिष्ठांना पहिल्यांदा हे विचारा की आयपी नेमकं कुठे येणार आहे. स्टुडिओ, पीसीआर (कार्यक्रमाची कंट्रोल रूम) आणि एमसीआर यांच्यामधल्या अनकॉम्प्रेस्ड सिग्नलसाठी आयपी आणणं वेगळं, बाहेरून रिपोर्टरचं फीड एसआरटीवर (इंटरनेटवरून पाठवायची पद्धत) किंवा मोबाइल सिमच्या बॅकपॅकवर आणणं वेगळं, आणि प्रेक्षकापर्यंत ओटीटीने पोचणं आणखी वेगळं. तिन्हींचा खर्च, धोके आणि लागणारी माणसं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. व्हेंडरच्या प्रेझेंटेशनमध्ये तिन्ही एकाच स्लाइडवर असतात, हीच अडचण.

स्टुडिओच्या आतलं आधी घेऊ. एचडी-एसडीआयची एक केबल सेकंदाला १.४८५ गिगाबिट वाहते. त्यात चित्र, आवाज, टाइमकोड, जाहिरातीचे ट्रिगर असं सगळं एकत्र बांधलेलं असतं आणि ब्लँकिंगची रिकामी जागाही सोबत फिरते. एसएमपीटीई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एसटी २११० या मानकाचे पहिले भाग २०१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले आणि त्यांनी हे गाठोडं सोडलं. चित्र वेगळं, आवाज वेगळा, सोबतचा डेटा वेगळा, आणि प्रत्येकाचा स्वतंत्र मल्टिकास्ट प्रवाह (एकदा पाठवला की जे मागतील त्या सगळ्यांना मिळणारा). १०८०आय५० चं फक्त दिसणारं चित्र मोजलं तर १९२० गुणिले १०८० गुणिले २५ फ्रेम गुणिले २० बिट, म्हणजे सुमारे १.०४ गिगाबिट होतं. १०८०पी५० ला त्याच्या दुप्पट. २१६०पी५० ला, म्हणजे यूएचडीला (४के), ८.३ गिगाबिट, म्हणजे १० गिगाबिटच्या पोर्टवर असा एकच सिग्नल बसतो आणि दुसऱ्यासाठी २५ गिगाबिटचा पोर्ट लागतो. हे आकडे पाठ असू द्या. मीटिंगमध्ये कोणी 'एका केबलवर कितीही सिग्नल जातात' म्हणालं की लगेच उपयोगी पडतात.

ही उलथापालथ कोणाला परवडते? ज्याच्याकडे शेकडो सोर्स आहेत, चार-पाच स्टुडिओ आहेत, यूएचडीचं काम आहे आणि कोणता स्टुडिओ कोणत्या पीसीआरला जोडायचा हे रोज बदलतं, त्याला. कार्डिफला बीबीसी वेल्सची सेंट्रल स्क्वेअरची इमारत अशी मुळापासून २११० वर उभी राहिली, कारण नवी इमारत बांधायचीच होती. मोठ्या क्रीडा प्रसारणालाही ते परवडतं. पण ज्या बातम्यांच्या वाहिनीत दोन स्टुडिओ, चाळीस-पन्नास सोर्स आणि एक एमसीआर आहे, तिथे १२जी-एसडीआयचा एक चांगला राउटर निम्म्या डोकेदुखीत तेच काम करतो आणि उद्या यूएचडी आलं तरी चालतो. व्हेंडर हे सांगणार नाही, म्हणून मी सांगतोय. गाभ्यात एसडीआय ठेवून कडेला आयपी आणायचं, हा रस्ता आपल्याकडच्या बहुतेक प्रादेशिक वाहिन्यांसाठी मला आजही योग्य वाटतो.

तरीही नव्या जागेत २११० येणार असेलच, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी पीटीपी (नेटवर्कवरून सगळ्या उपकरणांना एकच वेळ देणारी पद्धत) शिका. एसडीआयच्या काळात एसपीजी या यंत्रातून ब्लॅकबर्स्ट हा सिंकचा सिग्नल निघायचा, डीए (सिग्नल वाटणारा डबा) मधून सगळीकडे वाटला जायचा, आणि तो गेला की मिक्सरवर चित्र सरकायचं. दोष दिसायचा, माणसं पळायची, पाच मिनिटांत सापडायचा. २११० मध्ये आवाज आणि चित्र वेगवेगळ्या वाटेने येतात, त्यामुळे ते परत जुळवायला प्रत्येक पॅकेटवरच्या वेळेखेरीज दुसरं काहीच हाताशी नसतं. ती वेळ पीटीपीने येते आणि तिचं प्रसारणापुरतं रूप एसटी २०५९-२ मध्ये ठरवलेलं आहे: डोमेन १२७, सेकंदाला आठ सिंक संदेश, चार अनाउन्स संदेश, आणि कोणत्याही दोन उपकरणांमधला फरक एका मायक्रोसेकंदाच्या आत. ढोल-ताशा पथकात सगळे ढोल ताशावर कान ठेवून वाजतात, तसं प्रत्येक कॅमेरा, मिक्सर आणि ऑडिओ डेस्क ग्रँडमास्टर, म्हणजे मुख्य घड्याळावर चालतं. ताशाच हळूहळू ढळला तर पथकात कोणाला कळत नाही, कारण सगळे त्याच्याबरोबरच ढळतात.

असं प्रत्यक्षात घडलेलं सांगतो. जागेचं नाव घेत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर इमारतीच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंग चालू होतं आणि कंत्राटदाराच्या माणसांनी जीपीएस अँटेनाची केबल तोडली. ग्रँडमास्टर दोन होते, पण पैसे वाचवायला एकाच अँटेनावर स्प्लिटर लावून दोघांना दिलेलं. दोघेही होल्डओव्हरमध्ये गेले, म्हणजे आतल्या क्रिस्टलच्या भरवशावर चालू लागले. स्टुडिओत काहीच बिघडलं नाही. चित्र छान, आवाज छान, कारण सगळे एकाच चुकणाऱ्या घड्याळामागे निघाले होते. चौथ्या दिवशी दुसऱ्या इमारतीतून येणाऱ्या आवाजात टक्-टक् ऐकू येऊ लागलं. त्या इमारतीचं जीपीएस शाबूत होतं. आता हिशेब करून बघा. दहा कोटीत एक, एवढी बारीक चूक असलेलं घड्याळसुद्धा दिवसाला ८६४ मायक्रोसेकंद ढळतं. २११०-३० मध्ये आवाजाचं एक पॅकेट साधारण एक मिलिसेकंदाचं, त्यात ४८ सॅम्पल. म्हणजे रोज जवळजवळ एका पॅकेटाएवढं अंतर पडत होतं. तीन-चार दिवसांनी घेणाऱ्याचा बफर कमी पडला आणि आवाज तुटायला लागला. ऑडिओवाल्यांनी डेस्क बदलला, नेटवर्कवाल्यांनी स्विचचं फर्मवेअर बदललं, आणि गच्चीवर जायचं कोणाला सुचलं नाही. ग्रँडमास्टरच्या स्क्रीनवर क्लॉक क्लास ६ चा ७ (म्हणजे जीपीएस गेलं, होल्डओव्हर सुरू) झाल्याचं पहिल्या दिवसापासून दिसत होतं. तो अलार्म ज्या ईमेलवर जात होता ती व्यक्ती नोकरी सोडून गेलेली.

यातून तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा. दोन ग्रँडमास्टरना दोन वेगळ्या अँटेना, शक्यतो गच्चीच्या दोन टोकांना. प्रायॉरिटी-१ चा आकडा कारखान्यातून आलेल्या १२८ वर सोडायचा नाही. मुख्य घड्याळाचा आकडा सर्वांत कमी ठेवायचा, नाहीतर डेमोला आणलेलं एखादं उपकरण निवडणूक जिंकून अख्ख्या इमारतीचं घड्याळ होऊन बसतं. आणि भिंतीवरचं घड्याळ ३७ सेकंद पुढे दिसलं तर घाबरू नका. पीटीपी आंतरराष्ट्रीय अणुवेळेवर चालतं, ती यूटीसीच्या ३७ सेकंद पुढे आहे, आणि कुठल्यातरी डब्याने तो फरक वजा केलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. आपण २५ फ्रेमवाले असल्यामुळे अमेरिकनांसारखी ड्रॉप-फ्रेमची (टाइमकोडचे आकडे गाळण्याची) कटकट आपल्याला नाही, तेवढंच सुख.

एसटी २०२२-७ या मानकाबद्दलही दोन ओळी. प्रत्येक प्रवाह दोन स्वतंत्र जाळ्यांवरून पाठवायचा, आणि घेणारा पॅकेटागणिक जे मिळेल ते उचलतो. एक जाळं तुटलं तरी पडद्यावर फ्रेमही हलत नाही. उत्तम सोय आहे, पण एक जाळं मेल्याचं पडद्यावर कळत नाही ते नाहीच. दुसरं जाईपर्यंत सगळे निवांत असतात. त्यामुळे दोन्ही जाळ्यांवरून येणारी पॅकेटं वेगवेगळी मोजणारं मॉनिटरिंग पाहिजेच, आणि दोन्ही स्विच एकाच यूपीएसवर नाहीत ना, हे स्वतः जाऊन बघा.

आता बाहेरून येणारं फीड. खरा बदल इथे कधीच झालाय आणि तो तुम्ही रोज बघता. पूर्वी लाइव्हसाठी डीएसएनजी (सॅटेलाइटने फीड पाठवणारी) व्हॅन, इंजिनिअर, ड्रायव्हर, आणि सॅटेलाइटच्या बुकिंगसाठी फोनाफोनी. आता पाठीवर एक पिशवी, आत वेगवेगळ्या कंपन्यांची चार-सहा सिम, आणि रिपोर्टर एकटा. डेटा सगळ्या सिमांवर विभागून पाठवायचा आणि स्टेशनला परत जुळवायचा, असं हे बाँडिंग. स्वस्त आहे, चांगलं आहे, आणि नेमकं हवं तेव्हा दगा देतं. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर किंवा आषाढीला पंढरपुरात सहाच्या सहा सिमांवर रेंज पूर्ण दिसते आणि अपलिंक मात्र काही शे किलोबिटवर अडकते. गर्दीतला प्रत्येक जण तोच व्हिडिओ घरी पाठवत असतो आणि सगळ्या कंपन्यांचे टॉवर एकाच वेळी भरलेले असतात. सिम वाढवून उपयोग नाही. अनुभवी माणूस आदल्या दिवशी जवळच्या इमारतीत एक वायरचं ब्रॉडबँड मागून ठेवतो आणि तिथपर्यंत केबल ओढतो, किंवा अशा दिवसांपुरती केयू बँडची डीएसएनजी व्हॅन राखून ठेवतो. मे २०२३ मध्ये लंडनच्या राज्याभिषेकाला बीबीसीने याच कारणाने स्वतःचं तात्पुरतं खासगी ५जी जाळं उभं केलं होतं. आपल्याकडे मोठ्या सोहळ्यांना हे व्हायला हवं. नेटवर्क स्लाइसिंगच्या नावाखाली मोबाइल कंपन्या जी राखीव वाट देऊ म्हणतात ती गर्दीत किती टिकते, हे विसर्जनाच्या रात्रीच कळेल.

इंटरनेटवरून फीड आणायला एसआरटी आता सगळीकडे आहे. हायव्हिजनने ते २०१७ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं आणि पाहता पाहता ते रोजच्या वापरातलं झालं. त्यात हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवलं जातं आणि त्यासाठी लागणारा वेळ आपण आधीच बाजूला काढून ठेवतो. लेटन्सी जाण्या-येण्याच्या वेळेच्या किमान चौपट ठेवायची, हा ठोकताळा. पिंग ५० मिलिसेकंद असेल तर २०० पासून सुरू करा आणि लाइन खराब असेल तर वाढवा. सगळीकडे कारखान्यातून आलेला १२० चा आकडा तसाच ठेवून 'एसआरटी तुटतंय' म्हणणारे बरेच भेटतात. तुमच्या एमसीआरमध्ये उद्यापासून करता येण्यासारखी ही सुधारणा आहे, एक पैसा लागत नाही.

आणि जी गोष्ट नव्या जागेच्या प्रेझेंटेशनमध्ये कुठेच नसेल ती म्हणजे आरएफ, डिश आणि रेडिओ लहरींचं काम. आयपीच्या गडबडीत तरुण इंजिनिअर डिशकडे बघायचं सोडून देतात, आणि या देशातल्या बहुतेक वाहिन्या अजूनही सी बँडच्या उपग्रहावरूनच केबलवाल्यापर्यंत पोचतात. मुसळधार पावसात केयू बँडचं डीटीएच बसतं तेव्हाही सी बँड तग धरतो, म्हणून तो आपल्याकडे टिकला. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झालं, ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातही. सी बँडचं डाउनलिंक ३७०० ते ४२००. कागदावर दोघांत ३० मेगाहर्ट्झची मोकळी जागा आहे. पण बाजारातले साधे एलएनबी (डिशवर बसणारा, सिग्नल वाढवणारा डबा) ३४०० पासून पुढचं सगळं आत घेतात. ३६ हजार किलोमीटरवरून आलेला क्षीण सिग्नल आणि शेजारच्या गच्चीवरचा टॉवर, दोघे एकाच अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरतात. टॉवरच्या ताकदीने एलएनबी सॅच्युरेट होतो आणि ट्रान्सपाँडर कुठलाही असो, त्या डिशवरचे सगळे चॅनेल एकदम फुटायला लागतात.

हे ओळखायची पद्धत सांगतो, कारण केबलवाले यात उगाच आयआरडी (उपग्रहाचा रिसीव्हर) बदलत बसतात. एलएनबीच्या आउटपुटला स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर लावा. त्यातला लोकल ऑसिलेटर (फ्रीक्वेन्सी खाली आणणारा भाग) ५१५० मेगाहर्ट्झचा असतो, त्यामुळे पट्टा उलटा दिसतो: ४२०० चं ९५० होतं आणि ३७०० चं १४५०. म्हणजे उपग्रहाचा सगळा माल ९५० ते १४५० मध्ये. ५जी आत येत असेल तर १४८० च्या पुढे १८५० पर्यंत रुंद, चपट्या डोक्याचे डोंगर दिसतील, आणि मोबाइलची वर्दळ वाढली-कमी झाली की तेही वरखाली होतील. ते दिसले की उपाय एकच: फीडहॉर्न आणि एलएनबी यांच्या मध्ये ३७०० ते ४२०० चा वेव्हगाइड बँडपास फिल्टर. केबलमध्ये, म्हणजे एलएनबीनंतर, फिल्टर लावून काही होत नाही, कारण नुकसान त्याच्या आधीच झालेलं असतं. फिल्टरमुळे डेसिबलचा थोडा अंश जातो. लहान डिशवर सी बाय एन (सिग्नल आणि गोंगाटाचं प्रमाण) आधीच काठावर असेल तर तेवढ्यानेही चित्र जाईल, मग डिश मोठी करावी लागेल किंवा टॉवर आडोशाला जाईल अशी हलवावी लागेल. एवढं मात्र बघा की सन आउटेजला ५जी समजू नका. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत आणि सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उपग्रहाच्या बरोबर मागे सूर्य येतो. तेव्हा काही दिवस, रोज साधारण त्याच वेळेला, थोडी मिनिटं सिग्नल जातो आणि आपोआप परत येतो.

क्लाउडकडे वळतो. प्लेआउट (ठरल्या क्रमाने कार्यक्रम आणि जाहिराती सोडणं) क्लाउडमध्ये जातंय हे खरं. सणासुदीपुरती किंवा एखाद्या स्पर्धेपुरती वाहिनी काढायची असेल, किंवा मुख्य जागा बंद पडली तर पर्यायी व्यवस्था हवी असेल, तर त्याला तोड नाही. कोविडने तर घरातून प्लेलिस्ट चालवायला शिकवलं. २०२० ची आयपीएल यूएईत खेळली गेली तेव्हा समालोचकांपैकी काही जण मुंबईत स्टुडिओत बसलेले होते. मैदानात फक्त कॅमेरे आणि बाकी सगळं घरी, ही रिमोट प्रॉडक्शनची पद्धत आता परत फिरणार नाही. जेपीईजी एक्सएससारख्या हलक्या कॉम्प्रेशनने ती आणखी सोपी केली आहे, कारण त्यात उशीर फक्त काही ओळींचा असतो, फ्रेमचा नाही.

पण चोवीस तास, बारा महिने चालणारी वाहिनी भाड्याच्या यंत्रावर ठेवायची का, याचा हिशेब कागदावर करा. १० मेगाबिटचं तयार फीड महिनाभर क्लाउडमधून बाहेर काढलं तर ३.२४ टेराबाइट होतात, आणि डेटा बाहेर काढायला पैसे लागतात. तेच १.०४ गिगाबिटचं अनकॉम्प्रेस्ड चित्र असेल तर महिन्याला ३३६ टेराबाइट. म्हणून क्लाउडमध्ये जे जातं ते कॉम्प्रेस होऊनच जातं, आणि प्रत्येक एन्कोड-डीकोडला वेळ लागतो. चित्रपट किंवा मालिका दाखवणाऱ्या वाहिनीला पाच सेकंदांनी काय फरक पडतो? काहीच नाही. पण बातम्यांत अँकर प्रश्न विचारून थांबते आणि रिपोर्टर दोन सेकंद कानाला हात लावून कॅमेऱ्याकडे बघत उभा राहतो, त्या दोन सेकंदांत आणखी भर घालायची का, हे संपादकाला विचारा. माझा सल्ला: बातम्यांचा पीसीआर जमिनीवर, मनोरंजनाचा प्लेआउट हवा तर क्लाउडवर, आणि दोन्हीकडे जाहिरातीच्या ट्रिगरची साखळी कागदावर काढून घ्या. स्टुडिओतला एससीटीई-१०४ हा ट्रिगर पुढे एससीटीई-३५ होऊन ट्रान्सपोर्ट स्ट्रीममध्ये (बाहेर जाणाऱ्या कॉम्प्रेस्ड प्रवाहात) नीट उतरतो का, यावर पगार अवलंबून असतो. जाहिरात अर्धी कापली गेली तर कोणी चित्राची क्वालिटी विचारत नाही.

सुरक्षेचा विषय आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही. एप्रिल २०१५ मध्ये फ्रान्सच्या टीव्ही५ माँडवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या सगळ्या वाहिन्या एका रात्रीत काळ्या पडल्या. त्याच दिवशी नवी वाहिनी सुरू झाली होती म्हणून तंत्रज्ञ इमारतीत होते. त्यांतल्या एकाने नेमकं मशीन ओळखून त्याची केबल उपटली, आणि पुढचा अनर्थ टळला. १९ जुलै २०२४ ला तर हल्लाही नव्हता. सुरक्षेच्याच सॉफ्टवेअरचं एक खराब अपडेट आलं आणि ब्रिटनची स्काय न्यूज सकाळी काही काळ ऑफ एअर होती. एसडीआय राउटरला व्हायरस लागत नव्हता. प्रसारणाचं जाळं आणि ऑफिसचं जाळं वेगळं ठेवा, व्हेंडरचं रिमोट लॉगिन कामापुरतंच उघडा, आणि एमसीआरच्या मॉनिटरवर चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी आजच काढा. ती आहे, मला माहीत आहे.

प्रेक्षकापर्यंत पोचण्याच्या बाजूला सगळ्यांचं लक्ष ओटीटीकडे आहे, आणि १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी लोक होते, म्हणजे ते उगाच नाही. पण प्रत्येकाला स्वतंत्र प्रवाह पाठवून एवढे लोक सांभाळणं आणि एका ट्रान्समीटरने हवे तेवढे सांभाळणं, यात अभियांत्रिकीच्या दृष्टीने दुसरंच शहाणपणाचं. म्हणूनच डायरेक्ट-टू-मोबाइलच्या चाचण्या चालल्या आहेत: एटीएससी ३.० या प्रसारण मानकावर आधारलेलं, यूएचएफमधून थेट फोनवर, सिम आणि डेटाशिवाय. कल्पना मला आवडते, पण एक भौतिक अडचण कुठल्याच धोरणाने सुटत नाही. ५०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी ६० सेंटिमीटर, तिचा चतुर्थांश १५. म्हणजे फोनच जेमतेम तेवढा, आणि अँटेना त्याच्याही आत दडवायची. दादरच्या जुन्या चाळीत मधल्या खोलीत सिग्नल हवा असेल तर शहरात एकच उंच मनोरा पुरणार नाही, बुटके ट्रान्समीटर बरेच लागतील. शिवाय चिप फोनमध्ये घालायला हँडसेट कंपन्या तयार हव्यात. दूरदर्शनने २०१६ मध्ये मुंबईसह काही शहरांत डीव्हीबी-टी२ (अँटेनाने मिळणारं डिजिटल प्रसारण) सुरू केलं तेव्हा घेणारी उपकरणंच लोकांकडे नव्हती, हे आपण पाहिलंय.

एआयबद्दल तुम्ही विचारलं नाही, बरं केलंत. मे २०२४ मध्ये डीडी किसानने दोन एआय निवेदक आणले त्याची बातमी झाली, पण आपल्या कामात एआयचा खरा उपयोग कंटाळवाण्या जागी आहे: जुन्या फुटेजचा शोध, मराठी बोलण्याचा मजकूर करणं, रात्री चाळीस चॅनेलवर ब्लॅक, फ्रीझ आणि गप्प आवाज पकडणं. त्याला घाबरण्यासारखं काही नाही.

आता सर्टिफिकेट. दोन्हींपैकी एकच करायचं असेल तर सीसीएनए, डोळे झाकून. त्यातलंही मल्टिकास्ट आणि आयजीएमपी (कोणाला कोणता प्रवाह हवा ते कळवणारी पद्धत) परीक्षेपेक्षा खोलात करा, कारण ऑफिसच्या नेटवर्कवाल्यांना तेच येत नसतं आणि २११० त्यावरच उभं आहे. तुमच्या जागी जे आयटीवाले येणार म्हणतात, त्यांना एक पॅकेट हरवलं तर पुन्हा मागवायची सवय असते. २११० मध्ये पुन्हा मागवायला वेळच नसतो, हे त्यांना तुम्ही समजवायचं. लिनक्सची कमांड लाइन रोज अर्धा तास. एडब्ल्यूएस नंतर, तेही कंपनी पैसे देत असेल तर. आणि शिफ्टमध्ये आत्ता जे आहे ते सोडू नका: वेव्हफॉर्म मॉनिटर, टीएस (ट्रान्सपोर्ट स्ट्रीम) अ‍ॅनालायझर, डिशवरचा सी बाय एन. आपल्याकडे हे तिन्ही वाचता येणारा आणि वायरशार्कही (नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडणारा माणूस शोधायला गेलं तर सापडत नाही, मी स्वतः मुलाखती घेतो म्हणून सांगतो.

घरी सराव करायला मोठा खर्च नाही. दोन जुने लॅपटॉप, त्यांवर लिनक्स. एकावरून एफएफएमपेगने एसआरटी पाठवा, दुसऱ्यावर व्हीएलसीमध्ये घ्या. मग लिनक्सच्याच साधनांनी मुद्दाम पाच टक्के पॅकेटं पाडा, आणि लेटन्सीचा आकडा बदलत कधी चित्र सावरतं ते बघा. लिनक्सपीटीपी टाकून एकाला मास्टर करा, दुसऱ्याची प्रायॉरिटी कमी आकड्याची करून निवडणूक उलटताना वायरशार्कमध्ये पाहा. मायक्रोसेकंदाचं खरं काम हवं असेल तर हार्डवेअर टाइमस्टँप देणारं नेटवर्क कार्ड घ्या. स्विच जुन्या बाजारातून आणलात तरी चालेल, पण मॅनेज्ड आणि आयजीएमपी स्नूपिंग असलेला घ्या, आणि स्नूपिंग चालू केल्यावर क्वेरियरही (प्रवाह कोणाला हवा ते विचारत राहणारा) चालू आहे ना ते बघा, नाहीतर दोन-चार मिनिटांनी प्रवाह गपकन बंद पडेल आणि रात्रभर कारण शोधत बसाल. साध्या अनमॅनेज्ड स्विचवर मल्टिकास्ट सोडलंत तर घरातलं वायफाय बसेल, तेव्हा निदान घरच्यांची मालिका संपल्यावर सोडा.